रिकाम्या खुर्च्या आणि निवडणुकीचे धडे

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"आपल्या कार्यक्रमांना माणसं कशी आणायची" या विषयावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं? तू आकडेमोड करणारी." खरं आहे. मी औषध कंपनीत संख्याशास्त्राचं काम करते, जाहिरातीचं नाही. पण एक सपशेल फसलेला कार्यक्रम माझ्या नावावर जमा आहे. त्याची लाज वाटली म्हणून मी थोडं वाचलं, थोडे प्रयोग केले, आणि त्यात आणखी एक चूक केली. ते सगळं आज प्रामाणिकपणे सांगते.

२०१८ सालची गोष्ट. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणारे एक कार्यकर्ते अमेरिकेत आले होते. आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर गेले की मुलांची शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून गावातच त्यांची राहण्याजेवणाची सोय करायची, हे त्यांचं काम. आम्ही न्यू जर्सीतल्या एका शाळेचं सभागृह घेतलं. खुर्च्या तीनशे. समोसे अडीचशे. आणि माणसं आली चौतीस. त्यांतले तेरा आम्ही कार्यकर्तेच! म्हणजे बाहेरून आले एकवीस.

पाहुणे दीड तास मनापासून बोलले. जणू सभागृह भरलेलंच आहे. मला मात्र मान वर करवत नव्हती. रात्री त्यांना गाडीतून घरी नेताना मी दहा वेळा माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण एक विचारू? आम्ही पालावर बैठक घेतो ना, तेव्हा आधी बायांना विचारतो, स्वयंपाक किती वाजता उरकतो? मग वेळ ठरवतो. तुम्ही इथे कुणाला विचारलं होतं?"

कुणालाच विचारलं नव्हतं. ऑक्टोबरचा शनिवार, त्याच संध्याकाळी जवळच मोठा गरबा होता. आम्ही हॉल कधी रिकामा आहे ते पाहिलं. माणसं कधी रिकामी आहेत ते पाहिलंच नाही.

पण "आम्ही प्रसिद्धी केली नाही" असं कुणी म्हणू शकत नव्हतं. अठराशे पत्त्यांवर तीन वेळा ई-मेल गेली होती. फेसबुकवर १४२ जणांनी "येणार" असं कळवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये अंगठ्यांचा आणि नमस्कारांचा पाऊस पडला होता. म्हणजे इच्छा होती, कौतुक होतं, फक्त माणसं नव्हती. अंगठा म्हणजे उपस्थिती नव्हे, हा त्या दिवशीचा पहिला धडा.

आपल्यासारख्या लहान संस्थांपेक्षा कितीतरी मोठ्या लोकांनी हा धडा आधीच गिरवलेला आहे. हॉवर्ड डीन तुम्हाला आठवत असतील. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर. २००४ च्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी उभे होते. इंटरनेटवर उभी राहिलेली ती पहिली मोठी मोहीम. 'मीटअप'वर त्यांचे लाखाहून अधिक समर्थक नोंदलेले होते. छोट्या छोट्या देणग्यांनी पैसाही भरपूर जमला. आयोवात हजारो स्वयंसेवक बाहेरच्या राज्यांतून आले, डोक्यावर नारिंगी टोप्या घालून. १९ जानेवारी २००४ ला आयोवाचा निकाल लागला. जॉन केरी पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे आणि डीन १८ टक्क्यांवर तिसरे. समर्थक देशभर होते, पण त्या थंड संध्याकाळी शेजारपाजारच्या सभागृहात जाऊन बसायचं होतं ते आयोवाच्या माणसानं. त्याला बोलवायला आला होता एक परका, टोपीवाला.

तेव्हा राजकीय मोहिमांकडून शिकायचं ते घोषणा, झगमगाट आणि पोस्टर नव्हे. मोहिमांचा खरा प्रश्न आपल्यासारखाच असतो. जो माणूस आपल्या बाजूचा आहे, पण घरात बसला आहे, त्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी कसं आणायचं? या प्रश्नावर अमेरिकेत चांगलं संशोधन झालेलं आहे. आम्हा संख्याशास्त्रवाल्यांना आवडेल असं. म्हणजे नाणेफेक करून काही मतदारांना निरोप द्यायचा, काहींना द्यायचा नाही, आणि नंतर मतदानाच्या नोंदी तपासायच्या. औषधाची चाचणी करतात तसंच.

अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या येलच्या दोन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये न्यू हेवनमध्ये असा प्रयोग केला. दारावर जाऊन समोरासमोर बोलल्यानं मतदान चांगलंच वाढलं. टपालानं पाठवलेल्या पत्रकांनी अगदी थोडं वाढलं. भाडोत्री कॉल सेंटरच्या फोननं काहीच वाढलं नाही. पुढे डेव्हिड निकरसन यांनी दाखवलं की तोच फोन स्वयंसेवकानं केला, घाई न करता, गप्पा मारल्यासारखा केला, तर उपयोग होतो. आणि याच निकरसन यांनी ई-मेलवरही मोठे प्रयोग केले. मतदान वाढल्याचं दिसलं नाही.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या त्या तीन ई-मेल्स काढून पाहिल्या. "सर्वांना आग्रहाचे निमंत्रण". सर्वांना म्हणजे कुणालाच नाही, हो की नाही? आपल्याकडे लग्नाची पत्रिका नुसती टपालानं आली तर काकू म्हणतात, "घरी येऊन अक्षत दिली नाही, मग कसं जायचं?" न्यू हेवनमध्ये जे मोजून सिद्ध केलं ते आपल्या काकूंना आधीपासून ठाऊक होतं. आपण मात्र इथे आलो आणि अक्षत विसरलो.

आता दुसरा धडा. २००८ मध्ये मी स्वतः पेनसिल्व्हेनियात ओबामांच्या प्रचाराला जात असे. मला तेव्हा मत नव्हतं, ग्रीन कार्ड होतं. पण स्वयंसेवक व्हायला अडचण नव्हती. आम्हाला शिकवलेलं असायचं की "मत देणार ना?" एवढ्यावर थांबू नका. "किती वाजता जाणार? ऑफिसातून परस्पर की घरी येऊन? मुलांना कोण बघणार?" असं विचारा. मला ते फार आगाऊपणाचं वाटायचं. पुढे कळलं की त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या प्रायमरीत निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी याच प्रश्नांची चाचणी घेतली होती. नुसतं "मत द्या" सांगण्यानं फारसा फरक पडला नाही. पण ज्यांनी फोनवर आपला बेत बोलून दाखवला, त्यांच्यात मतदान सुमारे ४ टक्के बिंदूंनी वाढलं. आणि गंमत म्हणजे, हा परिणाम जवळजवळ सगळा अशा घरांत दिसला जिथे एकच मतदार होता. जिथे दोन-तीन मतदार असतात तिथे बेत बहुधा आपोआप ठरतो. नवरा-बायको जेवताना बोलतात. एकट्या माणसाला विचारणारं कुणी नसतं.

हे आपल्या बाबतीत महत्त्वाचं आहे. आपल्यात एकटी माणसं कमी नाहीत. नुकतेच नोकरीला लागलेले तरुण, जोडीदार गेलेले ज्येष्ठ, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि गाडी न चालवणारे आई-वडील. ते "येणार" म्हणतात, ते खोटं नसतं. पण "कसे येणार?" हे त्यांना कुणी विचारत नाही.

तिसरा धडा फेसबुकचा. २ नोव्हेंबर २०१० ला, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या दिवशी, फेसबुकनं ६ कोटींहून अधिक लोकांवर प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आला. काहींना नुसता संदेश दाखवला, "आज मतदान आहे". बहुतेकांना त्याच संदेशाखाली मत दिलेल्या मित्रांचे चेहरे दाखवले. नुसत्या संदेशाचा मतदानावर काही परिणाम झाला नाही. चेहऱ्यांचा झाला. संशोधकांच्या अंदाजानं सगळी मिळून सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली, आणि त्यातला मोठा वाटा मित्रांकडून मित्रांकडे पोचलेल्या परिणामाचा होता. तेही प्रत्यक्ष आयुष्यातल्या जवळच्या मित्रांकडून. फेसबुकवरच्या पाचशे ओळखींचा नाही.

म्हणजे सोशल मीडिया निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तिथे आपल्या पाहुण्याचा फोटो टाकण्यापेक्षा "मी जाणार आहे, तू चल" असं आपण स्वतः चार जणांना लिहिणं जास्त कामाचं. संस्थेच्या पानावरची पोस्ट किती जणांना दाखवायची ते ती कंपनी ठरवते. तुमच्या मैत्रिणीला तुम्ही पाठवलेला निरोप कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवता.

चौथा धडा आपल्या अहंकाराला झोंबणारा आहे. ओबामांच्या मोहिमेनं वेबसाइटच्या पहिल्या पानाची चाचणी घेतली होती. चित्रं, व्हिडिओ आणि बटणावरचे शब्द बदलून चोवीस प्रकार केले. तिथल्या हुशार मंडळींना व्हिडिओ फार आवडले होते. पण लोकांना ते भावले नाहीत. कुटुंबाचा साधा फोटो आणि "अधिक जाणून घ्या" असं बटण जिंकलं, आणि नोंदणी करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. आमच्या पत्रकावर सहा प्रायोजकांची बोधचिन्हं होती, पाच पदाधिकाऱ्यांची नावं होती आणि पाहुण्यांचं काम काय ते शेवटच्या ओळीत होतं. आम्हाला ते पत्रक फार छान वाटलं होतं!

मात्र एक इशारा. मोहिमेकडे लाखो पत्ते असतात, आपल्याकडे अठराशे. दोन प्रकारच्या ई-मेल पाठवून "ही जास्त चालली" असा निष्कर्ष आपण काढू नये. तेवढ्या आकड्यांतून काही सिद्ध होत नाही, हे माझ्या पोटापाण्याच्या विद्येच्या जोरावर सांगते. आपली चाचणी सोपी आहे. पत्रक छापण्याआधी संस्थेशी संबंध नसलेल्या पाच जणांना दाखवा आणि विचारा, "यावरून काय कळलं?"

पाचवा धडा घरगुती बैठकांचा. कॅलिफोर्नियात फ्रेड रॉस नावाचे संघटक होते. एका घरी आठ-दहा शेजारी बोलवायचे, त्यांचं ऐकायचं, आणि त्यांतल्याच कुणाला तरी आपल्या घरी पुढची बैठक घ्यायला सांगायचं, ही त्यांची पद्धत. सेझार चावेझ यांना त्यांनी तयार केलं, आणि चावेझ यांनी शेतमजुरांची संघटना बांधली. त्या संघटनेत सोळा वर्षं काम केलेले मार्शल गँझ पुढे हार्वर्डला शिकवू लागले आणि २००७-०८ मध्ये त्यांनी ओबामांच्या कार्यकर्त्यांची शिबिरं घेतली. म्हणजे ज्या मोहिमेला जग 'इंटरनेटची मोहीम' म्हणतं, तिच्या मुळाशी शेतमजुरांच्या स्वयंपाकघरातल्या बैठका आहेत.

आपल्याला यात नवल वाटायला नको. सत्यशोधकांचे जलसे, त्यानंतरचे आंबेडकरी जलसे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांची शाहिरी, हे सगळं माणसांच्या वस्तीत जाऊन झालं. माणसं सभागृहात येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपण पुरोगामी म्हणवणारे लोक त्या परंपरेवर भाषणं छान करतो. शनिवारी संध्याकाळी, वातानुकूलित हॉलमध्ये.

बरं, मग आम्ही काय केलं? २०१९ मध्ये त्याच कामासाठी दुसऱ्या एक कार्यकर्त्या येणार होत्या. आम्ही आधी वीस घरी फोन करून कोणता दिवस सोयीचा ते विचारलं. उत्तर आलं, रविवार दुपार. मग सात घरी बैठका घेतल्या. चहा-पोहे, एक छोटी फिल्म आणि गप्पा. एका बैठकीला दोनच जण आले, त्यांतला एक यजमानांचा भाऊ. असो. आम्हा बारा कार्यकर्त्यांनी प्रत्येकी बारा नावं वाटून घेतली, आपापल्या ओळखीची. फोनवर तीन प्रश्न: कोणाबरोबर येणार, किती वाजता निघणार, गाडीची सोय हवी का. मुलांसाठी शेजारच्या वर्गात चित्रकला ठेवली. हॉल तीनशेचा न घेता दीडशेचा घेतला. आणि आले १७१ जण! समोसे कमी पडले. समोसे कमी पडल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

आता हे फोनमुळे झालं, की रविवारमुळे, की वक्त्यांमुळे, ते मला सांगता येणार नाही. सगळंच एकदम बदललं. माझ्या व्यवसायात याला पुरावा म्हणत नाहीत. पण दारात येणाऱ्यांना मी विचारत होते, "कसं कळलं?" बहुतेकांनी पत्रकाचं नाव घेतलं नाही, माणसाचं नाव घेतलं.

इथे थांबले तर भाषण गोड होईल. पण मी आणखी एका चुकीबद्दल म्हणाले होते.

२००६ मध्ये मिशिगनमध्ये गर्बर, ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर यांनी एक प्रयोग केला. मतदारांना पत्र पाठवलं. त्यात त्यांनी स्वतः आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी मागच्या निवडणुकांत मत दिलं की नाही ते छापलं होतं, आणि या निवडणुकीनंतर पुन्हा असंच पत्र येईल, असं बजावलं होतं. ज्यांना पत्र नव्हतं त्यांच्यात मतदान २९.७ टक्के झालं, ज्यांना हे पत्र मिळालं त्यांच्यात ३७.८ टक्के. एका पत्रानं ८ टक्के बिंदू! परिणाम जबरदस्त. पण लोक संतापलेही.

मला त्यातला फक्त पहिला भाग लक्षात राहिला. २०१९ च्या कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक तक्ता टाकला. कोण येणार, कोण नाही, कुणी वसतिगृहासाठी पैसे दिले, कुणाचे यायचे आहेत. "थोडा धक्का दिला की हलतील," असं म्हणून. पैसे खरंच भराभर आले. आणि दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ गटातून बाहेर पडले. पंधरा वर्षांचे जुने सभासद. मागच्या वर्षीच्या रिकाम्या सभागृहातल्या एकवीस जणांपैकी एक.

मी फोन केला, उचलला नाही. मग घरी गेले. दार वहिनींनी उघडलं. त्यांची नोकरी गेली होती. एच-वन व्हिसावर होते, दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस, त्यांतले चाळीस संपलेले. कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मी त्यांच्या नावापुढे, दोनशे लोकांसमोर, "बाकी" असं लिहिलं होतं.

ते मला रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, मी आकड्यांत कमी पडलो, एवढंच." त्या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. ऊसतोड कामगाराला उचल देऊन मुकादम त्याच्या नावापुढे 'बाकी' लिहितो, त्याविरुद्ध बोलायला आम्ही माणसं जमवत होतो. आणि त्यासाठी मी काय केलं तर वहीच उघडली, मुकादमासारखी.

तो तक्ता मी काढून टाकला, गटात माफी मागितली. आणि आम्ही काही नियम केले. कोण आलं नाही हे कधीही जाहीर करायचं नाही. देणग्यांची यादी गटावर टाकायची नाही, एकूण रक्कम सांगायची. फोनवर कळलेली घरची माहिती वहीत लिहायची नाही. एका कार्यक्रमासाठी घेतलेले पत्ते दुसऱ्या संस्थेला द्यायचे नाहीत, ती संस्था कितीही आपल्या विचारांची असली तरी. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात ८ कोटी ७० लाखांपर्यंत फेसबुक सभासदांची माहिती परस्पर वापरली गेल्याचं उघड झालं, तेव्हा आपण सगळ्यांनी रागावून लेख लिहिले होते. आपली वही छोटी असली तरी प्रश्न तोच आहे. एखादी युक्ती चालते का, हे मोजता येतं. ती करावी का, हे मोजून कळत नाही. ते आपणच ठरवायचं असतं.

आणि एका बाबतीत तर राजकीय मोहिमांचं अनुकरण मुळीच नको. मतदान संपलं की मोहीम तंबू गुंडाळते. चार वर्षांनी पुन्हा तुमची आठवण येते. आपल्याला त्याच माणसांबरोबर राहायचं आहे. म्हणून कार्यक्रमानंतर दोन दिवसांत प्रत्येक नव्या माणसाला फोन करायचा, आणि देणगीची आठवण न करता एवढंच विचारायचं, "कसं वाटलं?" न आलेल्यालाही फोन करायचा. का आला नाहीस म्हणून नव्हे, बरा आहेस ना म्हणून. आम्ही तसे फोन २०१८ नंतर केले असते, तर त्या गृहस्थांची नोकरी गेल्याचं मला वेळेवर कळलं असतं, आणि पैशांची यादी करण्याऐवजी आम्ही त्यांच्यासाठी नोकरी शोधायला लागलो असतो. त्यांना पुढे पन्नासाव्या दिवशी नोकरी मिळाली. आमच्यातल्याच एकाच्या ओळखीनं. ते आज या हॉलमध्ये आहेत, आणि त्यांना विचारूनच मी ही गोष्ट सांगितली आहे.

आता जाताना एक काम. आपल्या पुढच्या कार्यक्रमाचं पत्रक तुम्हाला मिळेल. ते फॉरवर्ड करू नका. एकच नाव डोक्यात आणा, बरेच दिवस न दिसलेलं. त्यांना फोन करा आणि आधी विचारा, तुमच्याकडे स्वयंपाक किती वाजता उरकतो?